मानसिक आजाराच्या गोळ्या चार-पाच दिवस राहिल्या, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बायपोलर आहे (कधी अतिउत्साह, कधी खोल नैराश्य असा आजार), बारा वर्षं झाली गोळ्या चालू आहेत, आणि या बारा वर्षांत गोळ्या चुकवण्याचे जेवढे प्रकार असतात तेवढे सगळे करून झालेत. गणपतीला गावी गेलो आणि औषधांची पिशवी घरी फ्रीजवर राहिली, पगार उशिरा झाला, "आता बरं वाटतंय की" असं वाटलं, आणि एकदा तर निव्वळ कंटाळा आला म्हणून. त्यामुळे इथे कोणी रागावणार नाहीये. खाली जे आहे ते डॉक्टरांना फोन लागेपर्यंत डोकं ठिकाणावर राहावं म्हणून, फोनऐवजी नाही.

तीन-चार दिवस गोळी घेतली नाही, आज आठवलं. आत्ता लगेच घेऊ का?

थांबा. आधी दिवस मोजा, मग स्ट्रिपला हात लावा. शेवटची गोळी नक्की कधी घेतली, कोणत्या वारी, सकाळी की रात्री, ते कागदावर लिहा. आठवत नसेल तर स्ट्रिपवर किती उरल्यात ते मोजा आणि बिलावरची तारीख बघा, हिशोब लागतो. हे एवढं का सांगतोय तर काही गोळ्या गॅपनंतर होत्या त्याच डोसला सुरू करता येतात आणि काही अजिबात येत नाहीत, आणि ते ठरतं किती दिवस गेले यावर. लोकांना वाटतं धोका फक्त बंद करण्यात आहे. परत सुरू करण्यात पण असतो, आणि हे चिठ्ठी देताना आपल्याला फार कोणी सांगत नाही किंवा सांगितलं तरी तेव्हा आपण ऐकायच्या अवस्थेत नसतो.

राहिलेल्या सगळ्या एकदम घेतल्या तर भरून निघेल ना?

नाही. कधीच नाही. हे उधारीचं खातं नाहीये. चार दिवसांच्या लिथियमच्या (बायपोलरसाठीचं औषध) गोळ्या एकदम घेतल्या तर थेट हॉस्पिटल. दोन पण एकदम नको.

एकच डोस चुकला असेल तर?

बहुतेक गोळ्यांचा साधा नियम आहे, त्याच दिवशी लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्या आणि पुढचा नेहमीच्या वेळेला. रात्रीची झोप आणणारी गोळी सकाळी आठला आठवली आणि घेऊन स्कूटर काढली असं करू नका.

मला कसं कळणार माझी गोळी कोणत्या प्रकारातली आहे?

स्ट्रिपच्या मागे कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून झूम करा. तेच नाव महत्त्वाचं, कारण कंपन्यांची नावं पन्नास असतात. आता एकेक घेऊ.

क्लोझापिन चुकलं तर?

हे स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचं औषध. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. क्लोझापिन 48 तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर जुन्या डोसला सुरू करायचं नाही. म्हणजे तुम्ही रोज 300 मिलिग्रॅम घेत असाल आणि तीन दिवस गॅप पडला तर चौथ्या दिवशी 300 घ्यायचं नाही, डॉक्टर परत 12.5 पासून सुरू करून हळूहळू वर नेतात. शरीराची सवय दोन दिवसांत मोडते, आणि मोडलेल्या सवयीवर एकदम पूर्ण डोस पडला की बीपी धाडकन खाली येतं, हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येऊन माणूस पडतो, फिट पण येऊ शकते.

आमच्या आत्याचा मुलगा यावर आहे. एका लग्नाच्या गडबडीत त्याचे चार दिवस राहिले, पाचव्या दिवशी आत्याने बिचारीने काळजीपोटी रात्रीच्या सगळ्या गोळ्या दुधाबरोबर दिल्या, आणि तो पहाटे बाथरूमला उठला तो मोरीच्या कट्ट्यावर आपटला. कपाळाला पाच टाके. तिची चूक काय तर काही नाही, तिला कोणी 48 तासांचा आकडा सांगितलाच नव्हता. आता तो आकडा तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेला आहे.

अजून एक, या औषधाला पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी नियमित लागते, जास्त दिवसांचा गॅप पडला तर तपासणीचं वेळापत्रकही बदलू शकतं, म्हणून गॅप लपवू नका. आणि बिडी-सिगारेट ओढणारा माणूस अचानक ओढायचं थांबला तर रक्तात क्लोझापिन वाढतं. ही धुराची करामत आहे, तंबाखू मळून खाण्याने तसं होत नाही. त्यामुळे ज्याने आजारपणात गोळ्याही सोडल्या आणि सिगारेटही सोडली त्याच्या डॉक्टरांना दोन्ही सांगा.

लॅमोट्रिजिन?

मूड स्थिर ठेवणारी गोळी. हिला पण तोच नियम, फक्त दिवस वेगळे. साधारण पाच दिवसांपेक्षा जास्त राहिली तर पहिल्यापासून, म्हणजे बहुतेक वेळा 25 मिलिग्रॅमपासून, दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत. सोबत व्हॅल्प्रोएट (ही पण मूड स्थिर ठेवणारी गोळी) असेल तर अजून कमी. कारण अंगावर पुरळ. साधं घामोळ्यासारखं नाही, तोंडाच्या आतली कातडी सोलणारं, जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं, आणि एकदम मोठ्या डोसने सुरू केलं की ती शक्यता वाढते. 200 वर पोचायला दीड-दोन महिने लागलेले असतात त्यामुळे परत 25 ऐकलं की रडू येतं, मी समजू शकतो, पण तरी.

लिथियम राहिलं. माझं तेच आहे.

माझं पण. डबल घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा, ते बहुतेक वेळा नेहमीचा डोस चालू करायला सांगतात आणि मग लेव्हल, म्हणजे रक्तातल्या लिथियमची तपासणी, करायला लावतात. लेव्हलचं गणित नीट समजून घ्या. पाच ते सात दिवस न चुकता गोळ्या घेतल्यावर आणि शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त दिलं तर तो आकडा खरा. नाहीतर लॅबने छापलेला कागद नुसता कागद.

हे मी शिकलो ते असं. एकदा लेव्हल करायच्या आधी माझे चार दिवस राहिले होते. रिपोर्ट आला 0.3, म्हणजे कमी. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या नीट चालू आहेत ना, मी म्हटलं हो, एखादी राहिली असेल. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यांनी साहजिकच डोस 800 वरून 1200 केला. मी पण अपराधी वाटून त्या महिन्यात एकही चुकवली नाही. मे महिना, घाम, वरून जुलाब. पंधरा दिवसांनी बशीतला चहा हातातून सांडायला लागला, चालताना भिंतीचा आधार लागला, बायकोला वाटलं मी प्यायलोय. लेव्हल 1.5, म्हणजे धोक्याची. एका खोट्या "हो"ची किंमत तीन दिवस सलाइन. म्हणून सांगतो, डॉक्टरांना खरा आकडा सांगा, चार म्हणजे चार.

आणि मेडिकलमधून आणताना 300 ची साधी आणि 400 ची एसआर (हळूहळू विरघळणारी) यात गोंधळ होतो, गॅपनंतर नवीन स्ट्रिप आणली की आकडा वाचा.

डिप्रेशनची गोळी राहिली आणि डोक्यात करंट लागतोय. मला स्ट्रोक येतोय का?

बहुधा नाही. डोळे एका बाजूला वळवले की डोक्यात चर्र होणं, चक्कर, मळमळ, उगाच रडू, रात्री सिनेमासारखी स्वप्नं, चिडचिड, हे गोळी अचानक बंद झाल्यामुळे होतं. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिनला सगळ्यात जास्त, कारण ती शरीरातून भराभर निघून जातात, व्हेनलाफॅक्सिनला तर एक दिवस चुकला तरी संध्याकाळपर्यंत कळतं. मी पूर्वी त्याच्यावर होतो, जिना उतरताना प्रत्येक पायरीला डोक्यात ठिणगी उडायची. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिनला दोन-तीन दिवसांनी जाणवतं. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात आठवडे रेंगाळतं, तिथे चार दिवस राहिले तर काही कळत पण नाही.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं असेल तर मात्र हा लेख वाचत बसू नका, हॉस्पिटल.

थोड्याच दिवसांचा गॅप असेल तर डॉक्टर बहुतेक नेहमीच्या डोसलाच सुरू करतात आणि दोन-तीन दिवसांत करंट थांबतो. दोन आठवडे किंवा जास्त झाले असतील तर कमी डोसपासून सुरू करायला सांगू शकतात, नाहीतर पहिल्यांदा झाली होती तीच मळमळ परत.

झोपेची / टेन्शनची गोळी राहिली. ती तर सोडलेली चांगलीच ना?

सोडलेली चांगली, पण अचानक सोडलेली नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम महिनोन् महिने रोज घेत असाल आणि एकदम बंद झाल्या तर हात थरथरणं, घाम, झोप पूर्ण उडणं, छातीत धडधड, आणि फिट सुद्धा येऊ शकते, आयुष्यात कधी फिट आली नसेल तरी. अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, क्लोनाझेपामचा थोडा उशिरा. थरथर चालू झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि जास्त दिवस गेले असतील, त्रास होऊन गेला असेल, तर आता जुन्या डोसने परत सुरू करू नका, सवय उतरलेली असते, दारू पोटात असेल तर श्वासच मंदावतो.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-वन (कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) मध्ये आहेत, दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, त्यामुळे ताजी चिठ्ठी नसेल तर तो नाही म्हणणार. भांडू नका त्याच्याशी. संपायच्या आठ दिवस आधी जा.

क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन वगैरे?

या भास-संशय आणि मूडवरच्या गोळ्या. क्वेटियापिन आठवड्यापेक्षा जास्त राहिली तर परत कमीपासून वाढवत न्यायची असते, उठल्यावर चक्कर येते म्हणून. आठवड्याच्या आत असेल तर सहसा तोच डोस. बाकीच्यांचं डॉक्टर ठरवतील. सगळ्यात फसवं काय सांगू? या गोळ्या राहिल्या की पहिले आठ-दहा दिवस बऱ्याचदा काहीच होत नाही. उलट बरं वाटतं. झोपाळूपणा जातो, डोकं हलकं होतं, भूक ताळ्यावर येते, आणि मग माणूस म्हणतो बघा, गरजच नव्हती. आजार परत येतो तो आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत गोळी आणि आजार यांचा संबंध कोणाच्या लक्षातच राहत नाही.

महिन्याचं इंजेक्शन चुकलं.

आजच फोन करा, पुढच्या ओपीडीची वाट बघू नका. महिन्याच्या पॅलिपेरिडोनला आधीच्या इंजेक्शनपासून सहा आठवड्यांच्या आत गेलात तर नुसतं पुढचं इंजेक्शन देऊन काम भागतं, त्याच्यापुढे गेलं की परत आठवड्याच्या अंतराने दोन घ्यावी लागतात. प्रत्येक इंजेक्शनचं गणित वेगळं.

हा गोळी बंद झाल्याचा त्रास आहे की आजार परत आला?

ढोबळ फरक असा. त्रास दोन-चार दिवसांत सुरू झाला, शरीराचा जास्त आहे, पूर्वी कधी असं झालं नव्हतं, आणि गोळी सुरू केल्यावर पटकन उतरला, तर तो बंद झाल्याचा. आजार हळू येतो आणि ओळखीच्या पावलांनी येतो. माझी ओळखीची खूण म्हणजे रात्री दोनला उठून कपाट आवरायला घेणं. तुमची तुम्हाला माहीत असेल, नसेल तर घरच्यांना विचारा, त्यांना नक्की माहीत असते.

उपवास होता म्हणून घेतली नाही.

पाणी चालतं त्या उपवासाला गोळी पण चालते, असं माझी आजी म्हणायची आणि ती चतुर्थ्या-एकादश्या सगळं करायची. पण दोन गोष्टी खरंच महत्त्वाच्या. ल्युरासिडोन (क्वेटियापिनच्याच गटातली गोळी) रिकाम्या पोटी घेतली तर नीट शोषलीच जात नाही, निदान 350 कॅलरीचं खाणं लागतं, म्हणजे उपवासाला एका केळ्यावर भागत नाही. आणि लिथियमवर असाल तर अळणी उपवास करू नका, निर्जळी तर नाहीच. मीठ कमी झालं, पाणी कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि लेव्हल वाढते. वारीला चालत जाणाऱ्यांना पण हेच, ऊन, घाम, आणि पाय दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, ती पण लिथियम वाढवतात. पॅरासिटामॉल चालते, पण एकदा विचारून ठेवा.

पार्टी होती, दारू आणि गोळी एकत्र नको म्हणून गोळी स्किप केली.

लॉजिक उलटं लावलंत. स्किप करायची होती ती दारू.

प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि घाबरून सगळ्या गोळ्या बंद केल्या.

हे फार जणी करतात आणि घरचेही तेच सांगतात. मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि गायनॅक दोघांना फोन करा. व्हॅल्प्रोएट असेल तर फोन सगळ्यात तातडीचा, कारण ते बाळाला अपायकारक आहे. बाकीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पर्याय असतात.

घरातला पेशंट गोळी घ्यायलाच तयार नाही. वरणात घालून देऊ का?

मला माहितीये घराघरात हे चालतं. चहात, वरणात, शिऱ्यात. माझ्या आईने पण केलंय, आणि ज्या दिवशी मला कळलं त्यानंतर दोन महिने मी घरचं पाणीसुद्धा प्यायलो नाही, बाहेरून बाटली आणायचो. ज्याला आधीच वाटतंय की लोक माझ्या जेवणात काहीतरी घालतात, त्याच्या जेवणात खरंच काहीतरी घालायचं? आणि दुसरं म्हणजे मधले दिवस किती गेले हे न मोजता पूर्ण डोस वरणात गेला तर काय होतं ते वर क्लोझापिनमध्ये वाचलंत. का नको म्हणतोय ते एकदा शांतपणे विचारा, वजन वाढतंय, लाळ गळते, लैंगिक त्रास होतोय, पण आईसमोर कसं सांगणार, अशी कारणं असतात. डॉक्टरांना कळलं तर गोळी बदलता येते.

पैसेच नाहीत म्हणून राहिल्या.

हे कारण डॉक्टरांना सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते आणि याच्यावरच सगळ्यात सोपा उपाय असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळायला हवीत, आपल्याकडे म्हणाल तर ग्रामीण रुग्णालयापासून वर. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, वार विचारून जा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. "मनोरुग्णालय" शब्दाला घाबरू नका, ओपीडीत गोळ्या घेऊन लोक दुपारच्या एसटीने घरी जातात. कधी स्टॉक नसतो, हे पण खरं. जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त पडतात, औषधाचं खरं नाव सांगून मागा.

डॉक्टर फोन उचलत नाहीत, रविवार आहे.

टेली-मानस, नंबर 14416, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शेवटची गोळी कधी, नाव काय, डोस किती, हा कागद समोर घेऊन फोन करा.

कधी थेट हॉस्पिटल गाठायचं?

मरावंसं वाटतंय किंवा तसे बेत डोक्यात घोळतायत. आवाज काहीतरी करायला सांगतायत. दोन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही. खाणंपिणं, बोलणं बंद. फिट आली. गोळ्या सुरू केल्यावर खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि असंबद्ध बडबड. लिथियमवर असताना उलट्या-जुलाब आणि तोल जाणं. यातलं एक जरी असलं तरी 108 किंवा 112, आणि माणसाला एकटं सोडू नका.

परत चुकू नये म्हणून काय करता?

सोमवार-मंगळवार लिहिलेला प्लॅस्टिकचा डबा, मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी रात्री जेवणानंतर भरतो. मोबाइलचा अलार्म मी बंद करून झोपतो त्यामुळे त्याचा उपयोग शून्य, टूथब्रशच्या शेजारी डबा ठेवल्याने खरा फरक पडला. प्रवासाच्या बॅगेत चार दिवसांचा जादा साठा, आणि चिठ्ठीचा फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये.

डॉक्टरांकडे जाताना काय नेऊ?

सगळ्या स्ट्रिप्स, अर्ध्या, रिकाम्या, जुन्या, एका पिशवीत घालून. त्या लिथियमच्या भानगडीनंतर मी हेच करतो. डॉक्टर पिशवी टेबलावर उलटी करतात, पेनाच्या टोकाने उरलेल्या गोळ्या मोजतात, बिलावरची तारीख बघतात, आणि मला काही न विचारता चिठ्ठीवर लिहितात, पाच दिवस गॅप.